घरच्या घरी गाडीची देखभाल: कमी पैशात कुठली हत्यारं घ्यायची आणि कुठली नाही

गाडी घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की बऱ्याच जणांना वाटायला लागतं की एअर फिल्टर, बॅटरी, टायर असली छोटी कामं आपणच करावीत, आणि मग ऑनलाइन तो एक काळ्या डब्यातला ४६ पीसचा सॉकेट सेट दिसतो, हजाराच्या आत मिळतो म्हणून आपण घेऊन टाकतो. मी पण तोच घेतला होता. तो सेट वाईट नाही, पण त्याचा ड्राइव्ह (सॉकेट ज्यावर बसतो ते चौकोनी टोक) पाव इंची असतो, सगळ्यात मोठी गोटी, म्हणजे सॉकेट, १४ एमएमची आणि रॅचेटची (टकटक करत एकाच दिशेने नट फिरवणाऱ्या दांड्याची) मूठ वीतभर सुद्धा नाही, त्यामुळे ज्या दिवशी खरंच रस्त्यात चाक बदलायची वेळ येते त्या दिवशी तो काही म्हणजे काही कामाचा नसतो. ४६ पैकी जवळजवळ निम्मे तर स्क्रूचे बिट्सच असतात ज्यातले दोन-तीनच आपल्या गाडीला लागतात.

म्हणून सेट किती पीसचा आहे ते बघायचंच नाही. आपल्याला कुठलं काम करायचंय, त्या कामाला कुठल्या मापाचा नट आहे, आणि हत्यार फसलं तर नुकसान कशाचं होणार, एवढं बघायचं. स्क्रू ड्रायव्हर फसला तर स्क्रू जातो, जॅक फसला तर माणूस जातो. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही हे त्यावरून ठरवायचं.

पायरी १: खरेदीच्या आधी बॉनेट उघडा

एका रविवारी सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून बसा, कागद-पेन घ्या आणि मॅन्युअल पण. बॅटरीच्या टर्मिनलचा नट बहुतेक गाड्यांना १० चा असतो. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी १० किंवा १२-१३. एअर फिल्टरचा डबा काही गाड्यांत नुसत्या क्लिपवर असतो, काहींना स्क्रू, काहींना ८ किंवा १० चा बोल्ट. चाकाचे नट १७, १९ नाहीतर २१ (माझ्या वॅगन आरला १९ चे आहेत, गाडीसोबत जो एल पाना आलेला असतो तो लावून बघितलं की लगेच कळतं). स्पार्क प्लगला बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १६ चा प्लग पाना लागतो, काही नव्यांना १४, आणि कुणाकडे अजून जुनी मारुती ८०० असेल तर २१ चा.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा म्हणजे पुढे नको ती मापं घेतली जाणार नाहीत. ८ एमएम जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी पद्धतीच्या गाड्यांत, म्हणजे मारुती, होंडा, टोयोटा, साधारण १२ चं असतं आणि युरोपियन पद्धतीत १३ चं. त्यामुळे मारुतीवाल्याला १०-१२-१४ सारखं लागतं, तर फोक्सवॅगन-स्कोडावाल्याला १०-१३-१६, वर त्यांना तारेसारख्या खाचेचे टॉर्क्स बिट पण लागतात, टी२०, टी२५, टी३०. शेजाऱ्याने काय घेतलं ते बघून आपण घ्यायचं नाही ते ह्याच्यासाठीच.

पायरी २: कामं ठरवा, आणि काही सोडून द्या

सुरुवातीला घरी करण्यासारखं काय आहे? टायरची हवा, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर (बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डचा खण काढला की हाताने निघतो, हत्यार लागतच नाही), वायपर, बल्ब, फ्यूज, बॅटरी तपासणं आणि टर्मिनल साफ करणं, स्टेपनी बदलणं, कूलंट आणि वॉशरचं पाणी. नंतर हात बसला की स्पार्क प्लग, आणि जागा असेल तर इंजिन ऑइल. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, एअरबॅगच्या आसपासचं वायरिंग ह्याला शिकवणारं कुणी बाजूला असल्याशिवाय हात लावू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर ऑइल वगैरे सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या, बिलं फाइलला राहू द्या, क्लेमच्या वेळी तीच विचारतात.

पायरी ३: पहिली खरेदी, पाने

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलेली गोष्ट म्हणजे नट सोडवायचा रिंग पान्याने आणि फिरवत काढायचा फिक्स पान्याने. कारण फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, जोर लावला की जबडा किंचित फाकतो आणि नटाचे कोपरे मारले जातात, रिंग चारी बाजूंनी धरते. मी हे ऐकूनसुद्धा एकदा घाईत स्लायडिंग पान्याने बॅटरीचा १० चा नट सोडवायला गेलो, नट गोल झाला, शेवटी टर्मिनलच कापून नवीन टाकावं लागलं. घरच्या कामासाठी स्लायडिंग पाना घेऊच नका, नळाच्या कामाला ठेवा.

तर घ्यायचं काय, तर कॉम्बिनेशन पाने, म्हणजे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला फिक्स, सुटे, ८, १०, १२, १३, १४, १७ (युरोपियन पद्धतीची गाडी असेल तर १४ ऐवजी १६). अख्खा ६ ते ३२ चा सेट स्वस्त वाटतो पण २४ च्या वरचे पाने घरच्या गाडीत कधी बाहेर निघत नाहीत. चांगल्या कंपनीचे सहा सुटे पाने आणि बेनामी बारा पान्यांचा सेट ह्यांच्या किमतीत फार फरक पडत नाही. टपारिया तर आपल्या नाशिकच्या सातपूरचीच कंपनी, गॅरेजमध्ये ह्यांचे पाने वीस-वीस वर्षं वापरात दिसतात. बाकी पण चांगल्या कंपन्या आहेत, जालंधर-लुधियानाकडे हत्यारांचे पुष्कळ कारखाने आहेत आणि तिथला माल काही वाईट नसतो, पण नाव नसलेला माल तपासूनच घ्यावा लागतो. ते कसं तपासायचं ते खाली सांगतो.

सॉकेट घ्यायचे तर एकच ड्राइव्ह घ्या असं कुणी सांगितलं तर तीन अष्टमांश इंची घ्या, बॉनेटखालची बहुतेक कामं त्यात होतात. आपल्याकडे दुकानात तो साइज जरा कमी मिळतो, अर्धा इंची सगळीकडे मिळतो, तेव्हा व्यवहार म्हणून तो पाव इंचीचा छोटा सेट बारीक कामाला आणि अर्धा इंची ड्राइव्हमध्ये सुटं सामान (एक मूठ, एक लांब एक्स्टेन्शन, चाकाच्या मापाची एक गोटी, प्लगची एक) अशी जोडी जमवली तरी चालते. गोटी सहा कोनांची घ्या, बारा कोनांची नको, गंजलेल्या नटावर बारावाली घसरते. एक्स्टेन्शन विसरू नका, प्लग खोल विहिरीत असतात, प्लगच्या गोटीत आत रबर असेल तर अजून चांगलं, प्लग धरून वर येतो.

बाकी एक पीएच२ (फुली खाचेचा, मधल्या मापाचा) आणि एक चपटा डिसमिस, एक पक्कड, एक लांब चोचीची पक्कड. फुली स्क्रूला पीएच२ नीट बसला पाहिजे, पीएच१ लावून जोर लावला की खाच खराब झालीच समजा. जाम बोल्टसाठी गंज सोडवणारा स्प्रे, डब्ल्यूडी-४० किंवा तसला कुठलाही, मारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, लगेच ताकद लावायची नाही.

पायरी ४: गाडी उचलायची हत्यारं, इथे कंजूषी नको

हा भाग नीट वाचा.

गाडीसोबत आलेला कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायला आहे. त्याच्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली हात, डोकं, पाय काही घालायचं नाही. हायड्रॉलिक जॅक घेतला तरी तेच, कारण आतला ऑइल सील कधी गळेल सांगता येत नाही आणि जॅक आवाज न करता हळूहळू खाली बसतो. जॅक गाडी उचलायला, आणि धरून ठेवायला जॅक स्टँड, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती. जोडीच घ्या, पिनवाली किंवा दात्यांची, पाय रुंद असलेली, वेल्डिंग सलग दिसलं पाहिजे, तुटक ठिपके मारलेले नकोत. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड रचून गाडी ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते पण वीट आणि पोकळ ब्लॉक भाराखाली एकदम फुटतात, आधी तडा जातो आणि मग तुम्हाला वेळ मिळतो असं काही होत नाही.

जॅक कुठला घ्यायचा? घरी मोकळी, सपाट, सिमेंटची जागा असेल तर २ टनाचा ट्रॉली जॅक. बाटली जॅक स्वस्त पडतो पण त्याची उभी उंचीच जास्त असते, छोट्या गाडीखाली, त्यात टायर पंक्चर झालेला असताना, तो बऱ्याचदा शिरत नाही, घेण्याआधी गाडीच्या जॅक पॉइंटची जमिनीपासून उंची मोजून जा. सोबत खाच असलेलं रबरी पॅड घ्या, स्वस्त मिळतं, दाराखालच्या पत्र्याची शिवण त्याने वाकत नाही.

काम करायचा क्रम असा:
१. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून लाकडाचे ठोकळे.
२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा.
३. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, उचला.
४. खाली जायचं काम असेल तर घोडी लावा, गाडी हळू तिच्यावर बसवा, आणि हाताने गाडी ढकलून बघा, हलली तर परत पहिल्यापासून.

चाकाच्या नटासाठी गाडीतला एल पाना लांबीला कमी पडतो, आणि पंक्चरवाल्याने मशीनने नट आवळलेले असले तर त्याच्यावर उभं राहिलं तरी सुटत नाहीत. त्यासाठी लांब होणारा एल पाना मिळतो, दोन्ही बाजूंनी चार मापं असलेल्या गोट्यांचा, काही शे रुपयांचा. माझ्या मते घरातल्या प्रत्येक गाडीच्या डिकीत तो असावा, आणि घरात जे जे गाडी चालवतात त्यांनी एकदा घरीच नट सोडवून बघावा, रात्री हायवेला पहिल्यांदा करून बघायची गोष्ट नाही ती. रॅचेटने जाम नट सोडवू नका, आतले दात तुटतात.

पायरी ५: टॉर्क पाना घ्यायचा का

टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोरालाच नट आवळता येतो तो पाना. घ्यायचा, पण दुसऱ्या टप्प्यात. छोट्या गाड्यांच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे असतात, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हाताचा अंदाज बहुतेक वेळा जास्तच होतो. चाकाचं एकवेळ चालून जातं पण स्पार्क प्लग आणि बऱ्याच गाड्यांत ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट पण ॲल्युमिनियममध्ये बसतात, तिथे जास्त आवळलं की आटे जातात आणि त्याचा खर्च सगळ्या हत्यारांपेक्षा मोठा होतो. अर्धा इंची, क्लिकचा, साधारण २८ ते २१० न्यूटन मीटरचा टॉर्क पाना चाकाला बरोबर आहे, पण प्लगचं माप २०-२५ च्या आसपास असतं, ते ह्याच्या खाली जातं. म्हणून प्लगला हा वापरू नका. नवीन प्लगच्या खोक्यावर वॉशर टेकल्यानंतर किती फिरवायचं ते छापलेलं असतं, तसं करा, आणि सुरुवातीचे आटे नेहमी हातानेच बसवा, तिरका गेला तर लगेच कळतं.

टॉर्क पान्याने नट सोडवायचा नाही, आणि वापरून झाल्यावर आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप चुकायला लागतं. चाकाच्या नटाच्या आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, त्याने तेवढ्याच आकड्याला बोल्टवर कितीतरी जास्त ताण पडतो.

पायरी ६: विजेचं आणि हवेचं

तो पिवळा डिजिटल मल्टीमीटर, दोन-चारशे रुपयांचा, एवढ्या पैशात एवढी उपयोगाची वस्तू दुसरी नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्ज करा. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे. तेवढे दिसले नाहीत तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघून घ्यायचा, पण काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मधूनमधून मुद्दाम कमी चार्ज करतो, तेव्हा दोन-तीनदा मोजा आणि मग बोला. बॅटरीवाल्याकडे जायच्या आधी एवढं केलं तरी चांगली बॅटरी उगाच बदलली जात नाही. फक्त एक जपा, ह्या स्वस्त मीटरच्या १० ॲम्पच्या भोकाला बहुतेक वेळा आत फ्यूज नसतो, लाल वायर त्यात ठेवून बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो, मीटर आणि बोटं दोन्ही भाजतात. व्होल्ट मोजताना वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना हे आधी बघा.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडत नाही ती ह्याच्यामुळे.

जंपर केबलवर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करायच्या वायरी) ५०० ॲम्प, १००० ॲम्प काहीही छापलेलं असतं. क्लॅम्पजवळ वायर उघडी दिसते तिथे बघा, वरचं रबर जाड आणि आतली तार बारीक असेल, किंवा वरून तांब्याचा रंग पण खरवडली की पांढरी दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, स्टार्टर मारताना तापते. थोडी कमी लांबीची चालेल पण जाड तांब्याची घ्या.

हवेसाठी आधी प्रेशर गेज, मग पंप. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, टायरच्या अंगावर हवेच्या दाबाचा जो आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. १२ व्होल्टचा पंप घेताना तो किती ॲम्प खेचतो ते बघा आणि गाडीच्या सॉकेटला किती झेपतं ते पण (सॉकेटवर किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा १० किंवा १५ ॲम्प), जास्त खेचला तर फ्यूज उडतो. पंपाने हवा भरताना इंजिन चालू ठेवा, पण गॅरेजमध्ये नाही, गाडी बाहेर मोकळ्यावर काढून. पंप घेतलात की टायरच्या खाचेतल्या त्या छोट्या आडव्या पट्ट्या पण बघत जा, त्यांच्या पातळीला रबर झिजलं म्हणजे १.६ एमएमच उरलंय, टायर बदलायचाच.

इंजिनचा पिवळा दिवा लागला की घाबरायला होतं, त्यासाठी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घ्या, गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडाचा कोड तो मोबाइलवर दाखवतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली आणि अख्ख्या देशात बीएस-४ आलं एप्रिल २०१७ ला, म्हणजे त्यानंतरच्या कुठल्याही गाडीला स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असणार. ह्या स्कॅनरमध्ये असते त्या ईएलएम३२७ चिपच्या नकला भरपूर मिळतात, २.१ व्हर्जन लिहिलेल्या बऱ्याच नकलांत काही कमांड चालतच नाहीत, १.५ वाला त्यातल्या त्यात बरा, आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा आयफोनला चालणाराच बघून घ्या. काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी पीत राहतो. आणि कोड आला म्हणजे तो पार्ट खराब असं नसतं, ऑक्सिजन सेन्सरचा कोड नुसत्या उंदराने कुरतडलेल्या वायरने पण येतो. कोड लिहून ठेवा, फोटो काढा, लगेच पुसू नका.

पायरी ७: दुकानात कसं बघायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, तुमच्या गावात हार्डवेअरची जी जुनी गल्ली असेल ती. ऑनलाइनपेक्षा दुकान मला बरं वाटतं कारण हातात घेऊन बघता येतं. दुकानदाराकडूनच एक नवा १० चा नट मागा (६ एमएम बोल्टचा), पाना त्याच्यावर लावून हलवा, चांगला पाना नुसता जेमतेम हलतो, स्वस्तातला खळखळ करतो, तोच पुढे नट गोल करणार. क्रोमचा थर कडेला सोललेला किंवा धारदार नको, हात कापतो. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं असणं चांगलं, पण नुसत्या त्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, कुणीही कोरतं. रॅचेट कानाजवळ धरून फिरवा, टकटक एकसारखी यायला हवी, दिशा बदलायचं बटण घट्ट पण अडकणारं नको. नामांकित कंपनीचा माल अर्ध्या किमतीत मिळत असेल तर तो बनावट असण्याचीच शक्यता जास्त, बिल मागा.

जुन्या बाजारात, पुण्यात मंगळवार पेठेत बुधवार-रविवारी भरायचा तसल्या ठिकाणी, जुने पाने, हातोड्या, पक्कड खुशाल घ्या, जुनं पोलाद चांगलं असतं आणि पान्याला बिघडायला काही नसतं. पण जॅक, घोडी आणि टॉर्क पाना जुना अजिबात घेऊ नका, त्यांनी आधी काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही.

काय नको: खोट्या आकड्यांचे बॅटरीवाले इम्पॅक्ट पाने, शंभर-दोनशे पीसचे सेट, प्लास्टिकच्या मुठीचे सगळ्यात स्वस्त स्क्रू ड्रायव्हर, आणि जोपर्यंत ऑइल स्वतः बदलत नाही तोपर्यंत ऑइल फिल्टरचा पाना. ऑइल बदलणार असाल तर फिल्टर पाना, पसरट ट्रे आणि ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर हे एकदमच घ्या, आणि जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल नेणाऱ्याकडे देतात. गटारात किंवा सोसायटीच्या झाडांना ओतू नका, ते घातक कचऱ्यात मोडतं आणि जिथे जातं तिथली विहीर-बोअर नासवतं. सोसायटीत पार्किंगमध्ये हे करायला चालतं का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पहिल्या महिन्यात पाने, डिसमिस, पक्कड, मल्टीमीटर, प्रेशर गेज आणि लांब होणारा एल पाना, एवढ्यात वर सांगितलेली निम्म्याहून जास्त कामं होतात. मग पंप आणि स्कॅनर. जॅक, घोडी, टॉर्क पाना हे तिघं एकत्रच, त्यातलं एक घेऊन दुसरं पुढच्या वर्षी असं करू नका. नायट्राइलचे हातमोजे आणि गाडीखाली जाणार असाल तर गॉगल, गंजाचे कण सरळ डोळ्यात पडतात.

ठेवायला पत्र्याची पेटी नको असेल तर जाड कापडाचा रोल शिवून घ्या, मापाप्रमाणे कप्पे, एक पाना हरवला तर लगेच रिकामा कप्पा दिसतो आणि इंजिनमध्ये राहिलाय का ते बघता येतं. काम झालं की ऑइलच्या फडक्याने पुसून ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी एकदा सगळी हत्यारं बाहेर काढून पुसा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून रोलमध्ये टाका, आणि पावसाळाभर हत्यारं डिकीत ठेवू नका, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं ते कळत पण नाही. डिकीत फक्त एल पाना, जॅक, गेज आणि टॉर्च राहू द्या.